अंड्यातल्या पिल्लाला शेवटचे तीन दिवस उजेड मिळू दे

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते, जागा नसली तर कुठलंही कापा, खरं ते शेवटच्या तीन दिवसांचं तेवढं कापू नका, त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी खानापूर तालुक्यातली. घरी थोडी भातशेती, एक म्हैस आणि पंचवीस-तीस गावठी कोंबड्या. बेळगावला बी.एस्सी. केलं झूऑलॉजी घेऊन, मग लग्न झालं, नोकरी काही केली नाही, खरं झूऑलॉजी डोक्यातनं गेली नाही. लेक नववीला आहे. जूनमध्ये एक दिवस ती शाळेतनं आली ती गप्पच, दप्तर टाकलं आणि जाऊन परसात बसली. तिच्या मैत्रिणीचं गणित चुकलं म्हणून सगळ्या वर्गासमोर तिला "कोंबडीचा मेंदू आहे तुझा" म्हटलं होतं. ती पोरगी रडली आणि सगळे हसले. रात्री जेवताना लेक मला विचारते, "आई, कोंबडीला मेंदू असतोय तरी किती गं?"

मी म्हटलं जेव आधी, मग दाखवते. आणि तेवढ्यात लाईट गेली, पावसाळ्यात आमच्याकडं जातेच ती, आणि मला ते बरंच झालं, कारण त्या कामाला अंधारच लागतोय. बुट्टीत पिंजर घालून एक खुडूक कोंबडी बसवली होती, पाचवा दिवस होता. तिच्या पोटाखालनं हळूच एक अंडं काढलं, पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडलं, मागनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि अंडं त्या भोकावर टेकवलं. सगळं अंडं आतनं केशरी पेटल्यासारखं झालं, मधे कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका, मोहरीएवढा. आणि तो ठिपका हलत होता. लेक म्हणाली हे काय, मी म्हटलं डोळा. पाच दिवसाच्या जिवाचं हात पाय चोच काहीच धड दिसत नाही आणि डोळा मात्र दिसतोय. शेजारच्या कन्नड आज्जी पण आल्या होत्या बघायला, त्या "तत्तीयोळगे कण्णु!" म्हणत तोंडावर हात ठेवून कितीतरी वेळ बघत बसल्या. साठ वर्षं कोंबड्या पाळल्या त्यांनी, अंडं दिव्याला धरून चांगलं की वांझ एवढं बघायच्या, खरं तो काळा ठिपका म्हणजे डोळा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

२,३०० वर्षांमागं ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं हेच केलं होतं, तो रोज एक अंडं फोडून आत काय झालंय ते लिहून ठेवायचा, तिसऱ्या दिवशी रक्ताचा ठिपका उड्या मारतोय म्हणजे ते काळीज, आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास डोकं धडापेक्षा मोठं आणि डोळे केवढे, तर कडधान्याच्या दाण्यापेक्षा मोठे, काळेभोर. मी अंडी फोडत नाही, टॉर्चवरच भागवते. खरं त्यानं लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, कोंबडीचं पिल्लू अर्ध्या वाटेवर असताना डोक्यात डोळेच डोळे असतात.

आणि इथं एक गोष्ट आहे जी मला कॉलेजात वाचली तेव्हा पण खरी वाटेना. डोळा आधी बनला आणि मग मेंदूला जोडला, असं होत नाही. अंडं उबेला ठेवल्यापासून साधारण दीड दिवसात मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूनी दोन फुगे येतात, ते वाढत वाढत बाहेरच्या कातडीला जाऊन टेकतात, मग फुगा आत दबतो आणि त्याची वाटी होते, आणि कातडीचा तिथला भाग जाड होऊन आत येतो त्याचं भिंग बनतं. ती वाटी म्हणजेच रेटिना, डोळ्याच्या मागचा पडदा. म्हणजे डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच एक तुकडा, बाहेर डोकावलेला. त्या रात्री टॉर्चमध्ये आम्ही बघत होतो तो मेंदूच होता म्हणा की.

आता ही वाटी बाहेर आली खरं, बघितलेलं आत कळवायचं कसं? त्याला तारा ओढाव्या लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रेटिनातल्या पेशी एकेक धागा सोडायला लागतात. त्या धाग्याच्या टोकाला पंज्यासारखं काहीतरी असतंय, ते चाचपडत चाचपडत पुढं सरकतं, १८९० मध्ये स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा ओळखलं आणि तेही कोंबडीच्याच गर्भात, मज्जारज्जू बघत असताना. सहाव्या दिवसाच्या आसपास डोळ्याचे पहिले धागे टेक्टममध्ये पोचतात. टेक्टम म्हणजे पक्ष्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूचे दोन गोल टपोरे भाग, आपल्यात ते अगदी बारीक असतात, पक्ष्यात मोठे. वाटेत आणखी एक गंमत, उजव्या डोळ्याचे जवळजवळ सगळेच धागे डाव्या मेंदूत जातात आणि डाव्या डोळ्याचे उजव्या. माणसात साधारण निम्मे पलीकडं जातात आणि निम्मे आहे त्याच बाजूला राहतात, कोंबडीत सगळेच पलीकडं. ही अदलाबदल लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

टेक्टमवर पोचलं म्हणजे काम झालं असंही नाही. पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यातला धागा टेक्टमच्या ठरलेल्या जागीच टेकला पाहिजे, नाहीतर समोरचा दाणा मागं आहे असं वाटायचं. लाखो धाग्यांना कोण सांगतंय तू इथं, तू तिथं? अमेरिकेच्या रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात बेडकाच्या डोळ्याची नस कापून डोळा उलटा फिरवून बसवला, नस परत वाढली, खरं बेडूक माशी वर असली की खाली जीभ मारायचा, आणि तो पुढं कधीच सुधारला नाही. म्हणजे धागे बघून शिकत नाहीत, ते आपापल्या जुन्या पत्त्यावरच जातात, आणि तो पत्ता रसायनाचा असला पाहिजे असं स्पेरी यांनी म्हटलं. ते रसायन सापडायला १९९५ उजाडलं आणि त्यात कोंबडीच्या गर्भाचा मोठा हात आहे. जर्मनीत ट्युबिंगनला बोनहॉफर यांच्या लॅबमध्ये टेक्टमच्या पुढच्या आणि मागच्या भागाचे पट्टे आलटून पालटून लावून त्याच्यावर रेटिनाचे धागे वाढवले, कानशिलाच्या बाजूचे धागे पुढच्या भागाच्या पट्ट्यावरनंच चालायचे, मागच्या भागाच्या पट्ट्यावर पाय ठेवायचे नाहीत.

लेकीला हे असं समजावलं. आपल्याकडं मिरची कांडायचा डंक असतोय की, रस्त्यावरनं जाताना थोडा खाट, म्हणजे तिखटाचा ठसका, लागतो, दारात जास्त आणि आत गेलं की डोळ्यातनं पाणीच. ज्याला खाट सोसत नाही तो रस्त्यावरच थांबतो, ज्याला सोसतो तो आत डंकापर्यंत जातो, कुणी कुणाला जागा दाखवायची गरजच नाही. टेक्टममध्ये एफ्रिन नावाची रसायनं पुढं कमी आणि मागं मागं वाढत जाणारी असतात. कानशिलाकडच्या धाग्यांना ती सोसत नाहीत, ते पुढंच थांबतात, चोचीकडच्या बाजूचे धागे मागपर्यंत जातात. लेक म्हणाली म्हणजे सासूबाई दारात थांबतात आणि तू आत जातेस तसं. अगदी तसंच.

आणि सगळे धागे टिकत पण नाहीत. कोंबडीच्या डोळ्याच्या नसेत आधी साधारण ४० लाख धागे तयार होतात आणि अठराव्या दिवसापर्यंत २४ लाखाच्या आसपास राहतात, बाकीचे मरतात. लागतंय त्यापेक्षा जरा जास्तच वाढवायचं आणि मग नको असलेलं काढून टाकायचं, आपण भाताची रोपं दाट टाकून नंतर लावतो तशातला प्रकार. नसांच्या पेशी अशा का मरतात आणि कशानं जगतात हे समजलं ते पण अंड्यातनंच, आणि ज्यांनी त्याच्यावर जन्म घालवला त्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांची गोष्ट मी लेकीला मुद्दाम सांगितली. इटलीत ज्यू लोकांना विद्यापीठातनं काढून टाकलं तेव्हा यांनी तुरीन शहरात आपल्या झोपायच्या खोलीत लॅब मांडली, शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारं केली आणि महायुद्ध चालू असताना शेतकऱ्यांकडनं अंडी मागून आणायच्या. १९८६ ला नोबेल मिळालं. शिवणाची सुई आणि कोंबडीचं अंडं, दोन्ही माझ्या घरात आहेत. लेकीनं ते ऐकून सुईचा डबा उघडून बघितला.

आता मुद्द्याचं.

इथपर्यंत जे झालं ते सगळं अंधारात, कुणी काही दाखवलेलं नाही. दोन आठवड्याच्या सुमारास तर रेटिनातल्या पेशी उजेड नसताना आपल्या आपणच लाटा उठवल्यासारख्या एकदम चालू बंद होतात, जत्रेच्या आधी लाऊडस्पीकरवाला हॅलो हॅलो करून तारा तपासतोय तसं. सतराव्या-अठराव्या दिवसापासनं मात्र डोळा खरंच उजेड ओळखायला लागतो. आणि नेमकं त्याच वेळी पिल्लू अंड्यात शेवटचं वळून बसतं, मान उजवीकडं वळवून, डोकं उजव्या पंखाजवळ, चोच हवेच्या पोकळीकडं. त्यामुळं डावा डोळा स्वतःच्याच अंगाला चिकटून झाकला जातो आणि उजवा डोळा कवचाच्या बाजूला राहतो. कवच पातळ, त्यातनं उजेड आत येतो हे टॉर्चनं आपण बघितलंच. म्हणजे शेवटचे तीन दिवस उजव्या डोळ्याला उजेड आणि डाव्याला अंधार.

ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली रॉजर्स यांनी याचं काय होतं ते शोधलं, १९८२ ला छापलं. उजेडात उबवलेली पिल्लं उजव्या डोळ्यानं दाणा आणि खडा पटकन वेगळा ओळखतात आणि डाव्या डोळ्यानं वर घारीकडं लक्ष ठेवतात. दोन डोळ्यांनी, म्हणजे मेंदूच्या दोन बाजूनी, कामं वाटून घेतलेली असतात. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लात ही वाटणी धड होत नाही. डोळ्याकडनं वरच्या मेंदूतल्या वुल्स्ट या भागाकडं जाणारा जो दुसरा रस्ता आहे त्याच्यातच फरक पडतो, उजेड मिळालेल्या डोळ्याच्या बाजूनं जास्त तारा पुढं जातात. एकोणिसाव्या दिवशी थोडेच तास उजेड दिला तरी पुरला. आणि उलटं करून बघितलं, अंड्याचं तोंड उघडून पिल्लाचं डोकं बाहेर काढलं, उजवा डोळा झाकला आणि डाव्याला उजेड दिला, तर वाटणी पण उलटी झाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून उठले आणि परसात जाऊन उभी राहिले. एवढं मोठं काम आणि ते ठरतं कशावर, तर शेवटच्या दिवसात कुठल्या डोळ्यावर उजेड पडला त्याच्यावर.

२००४ मध्ये रॉजर्स आणि इटलीच्या दोघांनी मिळून आणखी एक केलं. खड्यात दाणे मिसळले आणि वरनं घारीच्या आकाराची सावली फिरवली. उजेडातली पिल्लं दाणे पण शोधत होती आणि सावलीकडं पण बघत होती. अंधारातली पिल्लं एकेक काम करायला ठीक होती, खरं दोन्ही एकदम आलं की गडबडली, खडेच टिपायला लागली. आता तुम्हीच सांगा, खानापूर बाजूला ज्यानं कोंबड्या पाळल्यात त्याला याच्यापेक्षा महत्त्वाचं काय आहे? मोठ्या शेडमधल्या कोंबडीला डोक्यावर पत्रा आहे. आमची पिल्लं उकिरड्यावर चरतात, वर घार, आंब्यावर कावळा, कुंपणात मुंगूस. कोंबडी चरताना एकदम थांबते, मान वाकडी करते आणि एक डोळा आभाळाकडं लावते, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. मी दोन महिने झाले बघतेय आणि लेक वहीत रेघा मारतेय, बहुतेक वेळा तो डोळा डावा असतो.

खुडूक कोंबडीखाली हा उजेड आपोआप मिळतो. ती रोज एकदा तरी उठते, दाणा खाते, पाणी पिते, शेण टाकते, परत येऊन बसते, तेवढा वेळ अंडी उघडी. माझ्या सासूबाई बुट्टी कधी माळ्यावर नाहीतर कोपऱ्यात ठेवू देत नाहीत, पडवीतच पाहिजे म्हणतात, "पिल्लाला दिस कळू दे". मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते काहीतरीच वाटायचं.

खरं आता घरोघरी कोंबडी बसवायचं कमी झालं आणि इन्क्युबेटर आले. दोन वर्षांमागं मी पण एक घेतलं, थर्माकोलच्या पेटीचं, बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवलेलं, नाव सांगत नाही, पेटी चारी बाजूनी बंद. विकणाऱ्यानं बजावून सांगितलं, उजेड लागला की पिल्लू मरतं, आत अंधारच पाहिजे. आणि आतला बल्ब म्हणाल तर तो पत्र्याच्या आड, त्याचा उजेड अंड्यावर येतच नाही. पहिल्या खेपेला रात्रभर लाईट नव्हती, ४० मधली २९ अंडी गेली, त्याचा दोष मी कुणाला देत नाही, पाऊसच तसा होता. खरं उजेडानं पिल्लू मरतं हे मात्र सरळ खोटं आहे, आणि मी झूऑलॉजी शिकलेली बाई असून ते ऐकून घेतलं आणि दोन वर्षं अंधारात पिल्लं काढली, याचं मला फार वाईट वाटतंय.

पिल्लू मरतं ते उष्णतेनं नाहीतर कोरडं पडून. म्हणून झाकण उघडं ठेवा असं मी कुणाला सांगत नाही, उलट अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, आतला ओलावा वाढवायचा आणि पेटी उघडायचीच नाही, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लू चिकटतं. मी केलं ते एवढंच, झाकणाला वहीएवढी चौकट कापली आणि तिथं काच बसवली, कडेनं सिलिकॉन लावलं. अठराव्या दिवसापासनं दिवसा काचेवरचा पुठ्ठा काढते, खोलीतला उजेड आत जातो. ढगाळ दिवस असला तर वरनं साधा एलईडी बल्ब, काचेच्या बाहेर, म्हणजे आतली गरमी साडेसदतीसच्या वर जात नाही. पेटी उन्हात ठेवायची नाही, कवडसा पण नको, काचेतनं ऊन गेलं तर तासाभरात सगळं संपलं. खर्च दीडशे रुपये आला. मागच्या खेपेला ३६ मधनं २७ पिल्लं निघाली, उजेडानं एकही मेलं नाही.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी भागात अशा पेट्या घरी बनवून विकणारी बरीच पोरं आहेत, हाताला गुण असलेली, त्यांनी एक काचेची चौकट ठेवावी एवढीच माझी विनंती आहे. आणि घेणाऱ्यानं पण विचारावं की काच का नाही म्हणून.

संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. शेतीच्या पानावर कोंबडीबद्दल येतं ते लस, खाद्य आणि भाव, ते पाहिजेच, खरं अंड्याच्या आत काय होतंय त्याला एकदा अर्धा कॉलम द्या. आमच्या सीमाभागातली पोरं शाळेत एक भाषा, घरात एक, आणि विज्ञान तिसऱ्याच भाषेत वाचतात. माझी लेक रेटिनाचं स्पेलिंग पाठ म्हणते आणि तिच्याच परसातल्या अंड्यात रेटिना बनतोय हे तिला पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. टेक्टम, एफ्रिन, वुल्स्ट हे शब्द अवघड आहेत हे मला मान्य आहे, खरं डंकाचा खाट सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्या "कोंबडीचा मेंदू" म्हणणाऱ्यांना, शाळेचं नाव मी घेणार नाही, एवढंच कळवायचंय की रानकोंबडीच्या, म्हणजे आपल्या कोंबडीच्या मूळ जातीच्या मेंदूत सुमारे २२ कोटी मज्जापेशी मोजल्या गेल्यात. आणि त्यातला बघायचा सगळा रस्ता २१ दिवसात तयार होतो, पिल्लू बाहेर आलं की थोड्याच तासात दाणा टिपतंय. ज्या पोरीला ते म्हटलं ती गेल्या रविवारी आमच्याकडं आली होती. पेटीतली अंडी एकोणिसाव्या दिवसावर होती, काचेवरचा पुठ्ठा तिनंच काढला आणि नाक काचेला लावून बसली. एका अंड्यातनं चिवचिव ऐकू आली तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "काकी, ह्याचा उजवा डोळा कुठल्या बाजूला असंल?"

कळावे,

आपली एक वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव